गाडीला शेंदूर

मी गाडीला शेंदूर फासला, अशी गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. हसत सांगतात, आणि बहुतेक वेळा चुकीची सांगतात. कोणी म्हणतं मी नवस बोलले होते, कोणी म्हणतं माझ्या अंगात आलं होतं. यातलं काहीच खरं नाही. गाडी गंजली होती आणि मला ती सडू द्यायची नव्हती. एवढ्यासाठी मला गावाशी भांडावं लागलं, देवळाच्या गुरवाशी भांडावं लागलं, आणि शेवटी घरात नवऱ्याशीही. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते.

आमचं गाव आसनगाव स्टेशन आणि शहापूर यांच्या मधलं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची वर्षं ती. माझे मालक भाड्याची मोटार चालवायचे. स्टेशनावर उतरलेलं गिऱ्हाईक शहापूरला सोडायचं, तिथून मिळालं तर किन्हवलीला, आणि उन्हाळ्यात रस्ता वाहता असला की थेट मुरबाडला. गाडी कापडी टपाची, काळी, दोन्ही अंगांना लांबलचक फुटबोर्ड आणि चाकांवर हत्तीच्या पाठीसारखी मडगार्डं. आमच्याकडे यायच्या आधी ती दोघातिघांनी वापरली होती. तरी ती आली त्या दिवशी अख्खा गाव बघायला जमला होता. मालकांनी अगोदर कल्याणच्या एका शेटची गाडी हाकली होती. आता स्वतःची झाली, म्हणून त्यांची चालसुद्धा बदलली होती.

माझं माहेर मुरबाडचं. वडील तांबट. हंडे-कळश्या ठोकायच्या, फुटकी भांडी सांधायची, कल्हई करायची, हा धंदा. आम्ही मुलीच होतो, मुलगा नव्हता, त्यामुळे भात्यावर मीच बसायची. भांडं वाळूनं घासून लख्ख करणं, नवसागर टाकून कथील फिरवणं, भोक पडलं तर पत्र्याचा तुकडा वितळल्या कथिलानं झाळून बसवणं, हे मला भाकरी थापण्याच्या आधी येत होतं. सासरी कोणाला त्याची गरज नव्हती. लग्नाला पाच वर्षं होत आली होती, मूल नव्हतं, आणि गावात माझी ओळख तेवढीच होती.

त्या वर्षी मृग लागायच्या सुमारास गाडी सुरू करायला पुढून हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं आणि हँडलचा फटका मालकांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि तीन महिने हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. पावसाळ्यात तशीही गाडी चालत नसे, रस्त्याचा चिखल व्हायचा. गाडी गोठ्याला लागून असलेल्या पडवीत उभी राहिली. पडवीचं छप्पर पेंढ्याचं. एका अंगानं गळायचं, दुसऱ्या अंगानं गुरांच्या मुताची वाफ. मालक खाटेवर पडून. गाडीकडे कोणी बघितलं नाही.

श्रावण सरता सरता मी सहज तिकडे गेले. मागचं मडगार्ड बोटानं दाबलं तर रंगाचा पापुद्रा सुटून हातात आला, पळसाच्या वाळक्या पानासारखा. खाली लोखंड नव्हतं, तांबडी माती होती. उन्हाळ्यात काळू नदीच्या पाण्यातून गाडी घालायचे, तो ओलावा आणि गाळ आतल्या बाजूनं साचून राहिला होता. फुटबोर्डाच्या कडेला बोट जाईल एवढं भोक. बॉनेटवर ठिपके, जसे देवीचे वण.

मी येऊन सांगितलं. मालक म्हणाले, "रंग हाय ना माळ्यावर अर्धा डबा? वरून मारून दे. दिसला नाय म्हंजे झालं."

मी ब्रश घेऊन वरून मारला. चार दिवस गाडी नव्यासारखी दिसली. पाचव्या दिवशी रंगाला फोड आले. बोट लावलं की फोड फुटायचा आणि आतून तांबडं पाणी यायचं. डबा संपला होता, गंज होता तिथेच होता. मला माझाच राग आला. बापाच्या घरी मळक्या भांड्यावर कल्हई लावली असती तर हातावर सांडशी बसली असती. इथे मी तेच केलं होतं.

त्याच आठवड्यात वडील भेटायला आले. मालकांचा हात पाहिला, मग गाडी पाहिली. मडगार्डाच्या खालून हात फिरवून म्हणाले, "आतून घासल्याबिगर काय व्हायचं नाय, गो. आणि तुझा नवरा एका हातानं काय घासणार?"

"मी घासते."

जाताना त्यांनी पिशवीतली कथिलाची कांडी आणि नवसागराची पुडी माझ्या हातावर ठेवली. त्यांना कल्याणवरून रेल्वेनं परतायचं होतं, म्हणून पोचवायला मी आसनगावपर्यंत गेले. तिथे रेल्वेची माणसं सिग्नलच्या खांबाला रंग देत होती. खांब खरवडून पांढरा केलेला, आणि त्यावर केशरी रंग, अगदी मारुतीसारखा. मी उभी राहून बघत राहिले. मग विचारलं, "हा शेंदूरच ना?"

"शेंदूरच," रंग देणारा म्हणाला. "अळशीच्या तेलात कालवलाय. आधी हा, वरून मग दुसरा रंग. नायतर लोखंड राहत नाय पावसात."

मला तेवढं पुरे होतं.

घरी येऊन मी कामाला लागले. नटांवर रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी पाना लावून मडगार्डं उतरवली. मालक खाटेवरून सांगत होते, कुठला नट उलटा, कुठला सुलटा. खुरप्यानं खरवडलं, विटेच्या तुकड्यानं घासलं, मग वाळू, मग शहापूरहून आणलेला काचकागद. हाताची सालं निघाली. नाकात तांबडी धूळ, पदरावर तांबडी धूळ. पण एकदा का लोखंडाचा स्वच्छ रंग दिसायला लागला की थांबवत नसे. फुटबोर्डाच्या भोकावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बसवला आणि कथिलानं झाळला. इतक्या वर्षांनी नवसागराचा तो धूर डोळ्यात गेला आणि मला माहेर आठवलं. रडूबिडू आलं नाही. बरं वाटलं.

मग मी शहापूरच्या दुकानात शेंदूर मागायला गेले. दुकानदार पुडी बांधायच्या बेतात होता.

"पुडी नको," मी म्हटलं. "शेरभर द्या."

"शेरभर? मूर्ती बसवताय का कुठं?"

"गाडीला लावायचाय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पण दिला. मी चालत घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती.

पहिलं मडगार्ड शेंदूर लावून मी गोठ्याजवळच्या फणसाला टांगलं. उन्हात ते असं तळपायला लागलं की मागच्या पायवाटेनं मोळी घेऊन जाणारी एक म्हातारी थांबली, मोळी सांभाळत तिनं एका हातानं नमस्कार केला आणि पुढे गेली. मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार?

संध्याकाळी गुरव आला. मारुतीचं देऊळ त्याच्याकडे होतं. उंच, शिडशिडीत माणूस, कधी कोणाशी वाईट न वागणारा. आजारी माणसाकडे न बोलावता अंगारा घेऊन जायचा. त्याच्याबरोबर गावातले दोन म्हातारे होते. ते अंगणात उभे राहिले. मालक खाटेवर उठून बसले.

गुरव त्यांनाच म्हणाला, माझ्याकडे न बघता, "तुज्या घरात काय चाललंय तुला ठाव हाय का? मारुतीच्या शेंदराला बाई हात लावत नाय. आणि ही तो चाकाच्या झाकणाला फासते. ज्याच्यावर चिखल उडतो."

मालक माझ्याकडे वळले. "बंद कर गो ते."

मी हातातला ब्रश ठेवला नाही. पदर डोक्यावर घेतला आणि पुढे आले. "दुकानातनं आणलाय," मी म्हटलं. "देवळातनं नाय आणला."

"शेंदूर तो शेंदूर."

"मग आसनगावला रेल्वे सिग्नलच्या खांबाला लावते, तिथं तुमी गेला होता का सांगायला?"

म्हाताऱ्यांपैकी एकजण खाकरला. गुरवानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "रेल्वे सरकारची हाय. तू या गावची सून हायस."

"मारुतीला शेंदूर का लावतात ते तुमाला ठाव. मला नाय ठाव. लोखंडाला का लावतात ते मला ठाव हाय. गंजू नये म्हणून. तुमी तुमच्या देवाला लावा, मी माज्या गाडीला लावते."

दुसरा म्हातारा म्हणाला, "पोरबाळ नाय घरात, म्हणून हे असलं सुचतंय."

हे मला लागलं. आजही लिहिताना लागतं. गुरवानंच त्याला हातानं गप्प केलं. मग शांतपणे म्हणाला, "ठीक हाय. पण या गाडीत मी बसायचा नाय, आणि गावातल्या कोणाला बसू द्यायचा नाय."

"नका बसू," मी म्हटलं.

ते गेल्यावर मालक पुन्हा खाटेवर आडवे झाले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं तर खायचं काय?"

"गंजलेल्या गाडीत तरी कोण बसणार होतं?"

पुढे मला दोन मुली झाल्या, तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या की शेंदराचा गुण. मी तेव्हाही सांगितलं की शेंदराचा गुण मडगार्डाला आला, मला नाही. ते त्यांना आवडलं नाही.

गुरव आला त्या दिवसापर्यंत मी घराच्या मागे काम करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मडगार्डं, फुटबोर्ड, बॉनेट, सगळं ओढत पुढच्या अंगणात आणलं. आमचं अंगण रस्त्याला लागून. तिथे बांबू रोवून आडवी काठी बांधली आणि सगळं ओळीनं टांगलं. शेतावर जाणारे, बाजारला जाणारे, सगळे तिथून जात. मी पाटावर बसून शेंदूर कालवायची आणि लावायची. कोणी थांबून बघायचे, कोणी थुंकून पुढे जायचे. शेजारची बाई, जी रोज माझ्याकडून विस्तव न्यायची, ती आठ दिवस फिरकली नाही. मालक म्हणाले, मागे ने ते. मी म्हटलं, मागे सावली हाय, वाळत नाय. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही तेच नव्हतं.

शेंदूर नीट वाळल्यावर खळग्यात लांबी भरली, खडूची पूड अळशीच्या तेलात मळून. ती घासून सपाट केली आणि मग काळा रंग. रंगाचा एकच डबा मिळाला होता, तोही स्टेशनावरच्या हमालाकरवी कल्याणहून मागवलेला. सगळ्या गाडीला तो पुरणार नव्हता. जिथे खरवडलं होतं तिथेच लावला. माशा चिकटायच्या, धूळ बसायची. एकदा तर शेजारची कोंबडी ओल्या बॉनेटवर चढली आणि पायाचे ठसे उमटवून गेली. पुन्हा घासलं, पुन्हा लावला. नवा काळा जुन्या काळ्यापेक्षा जास्त काळा दिसत होता. जवळून बघणाऱ्याला ठिगळं कळत. मला ती लपवायची नव्हती.

दसऱ्याला गाडी जुळवून अंगणात उभी केली. मालकांच्या हाताच्या कामट्या सुटल्या होत्या. मनगट ताठ झालं होतं, पण चाक धरता येत होतं. त्यांनी झेंडूची माळ बांधली, नारळ फोडला. शहापूरचा एक कापडाचा व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक, मुद्दाम बघायला आला होता. गाडीभोवती फिरून तो म्हणाला, "काम चांगलं झालंय. कोणी केलं?"

मालक म्हणाले, "कल्याणचा पेंटर आलता."

मी दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. माझ्या नखांतला काळा रंग अजून निघाला नव्हता. मी ताट खाली ठेवलं आणि आत गेले.

जेवताना मी विचारलं, "कुठला पेंटर?"

त्यांनी घास तसाच ठेवला. "लोक हसतात गो मला. बायकोनं गाडी रंगवली म्हणतात. नवऱ्याचा हात मोडलाय का, म्हणतात."

"मोडलाच होता."

"तुला नाय कळायचं. स्टेशनावर चार गाडीवाले उभे असतात. त्यांच्यात मला उभं राहायचंय."

"मला रस्त्यात बसायचं होतं," मी म्हटलं. "तवा मला कोण हसलं ते तुमी खाटेवरनं बघत होता."

त्यांनी ठेवलेला घास उचलला. मग हळूच म्हणाले, "साहेबाला तरी पेंटरच सांगू. बाईनं केलंय कळलं तर पास करायचा नाय."

भाड्याच्या गाडीची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. मोटारी तपासणारा साहेब कल्याणला यायचा आणि गाडी तिथे न्यावी लागे. मी म्हटलं, "मी पण येते."

"तू कशाला?"

"तुमी पेंटर सांगा. मी काय सांगायचं ते मी बघते."

गेलो. कल्याणला कचेरीच्या आवारात गाड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि आवारात बाई मी एकटी. ड्रायव्हर लोक विड्या ओढत माझ्याकडे बघत होते. मी पुढच्या सीटवरून उतरले नाही.

साहेब आपलाच मराठी माणूस होता, चष्मा लावलेला, घाईत. त्यानं दिवे पाहिले, भोंगा वाजवला, चाकं हलवली. मग मडगार्डावर बोटाच्या पेरांनी टकटक करत पुढून मागे गेला. फुटबोर्डापाशी खाली वाकला. खिशातला चाकू काढून त्यानं माझ्या झाळलेल्या जागेवर कडेला जरा खरवडलं. काळ्याखालून केशरी दिसलं.

"हे कोणी केलं?"

मी दार उघडून खाली उतरले. माझं तोंड उघडायच्या आत मालक बोलले. "हिनं केलं, साहेब. माजी बायको. माजा हात मोडला होता."

ते साहेबाकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. त्यांचे कान लाल झाले होते. मागे कोणीतरी हसलं. मालकांनी वळून त्या दिशेला पाहिलं, आणि तिथं कोण होतं मला माहीत नाही, पण हसणं थांबलं.

साहेबानं मला विचारलं, "खाली काय घातलंय?"

"शेंदूर. अळशीच्या तेलात."

"आणि सांधा?"

"कथिलानं झाळलाय. माझे वडील तांबट आहेत."

त्यानं मान हलवली आणि मालकांकडे वळून म्हणाला, "ब्रेक सैल आहेत. घट्ट करून आठ दिवसांनी आणा."

"आणि रंगाचं?" मी विचारलं.

"रंगाचं काही नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे गेला.

परतीच्या वाटेवर मालक म्हणाले, "ब्रेकचं मला ठाव होतं." एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून कोणी विचारलं की ते सरळ सांगत. पहिल्यांदा जरा मोठ्यानं सांगत, भांडायच्या तयारीत असल्यासारखं. नंतर साध्या आवाजात.

गावानं दिवाळीपर्यंत दम धरला. मग एकेक करून लोक बसायला लागले. बाळंतीण न्यायची असली, म्हातारं माणूस असलं, की शेंदूर कोणाला आठवत नसे. पहिली आली ती शेजारचीच बाई, तिच्या आईला दवाखान्यात घेऊन. मी म्हातारीला हात देऊन गाडीत चढवलं.

गुरव मात्र बसला नाही. दर बाजाराच्या दिवशी तो ऊन असो, चिखल असो, शहापूरला चालत जायचा. सुरुवातीला मालक त्याच्याजवळ गाडी हळू करायचे. तो शेताकडे बघत चालत राहायचा. मी मालकांना सांगितलं, हळू करू नका, त्याचं त्याला चालू द्या. त्याला मी मानलं. त्यानं जे म्हटलं ते केलं, मी जे म्हटलं ते केलं. एकमेकांच्या दारावरून जाताना आम्ही मान हलवायचो.

लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं. मालकांनी गाडीच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवून घेतली, त्या गॅसवर इंजिन चालायचं. तिच्या उष्णतेनं मागचा रंग दर सालाला सोलून निघायचा आणि दर सालाला मी तो खरवडून पुन्हा लावायची. रंगही मिळेना तेव्हा दिव्याची काजळी धरून तेलात घोटून लावली. तिला चमक नव्हती. चालली.

लढाई संपल्यावर बस सुरू झाल्या, आमचं गिऱ्हाईक कमी झालं, आणि गाडी विकायची ठरली. भिवंडीचा एक माणूस घ्यायला आला. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, सगळं पसंत केलं. मग मडगार्डावरून हात फिरवत मालकांना म्हणाला, "वरून रंग चांगला मारलाय. आतून सडलंय का, ते सांगा खरं."

मालक दाराकडे वळले. त्यांनी मला हाक मारली.

मी धुणं पिळत होते. तशीच ओल्या हातांनी बाहेर आले. त्यानं काय विचारलं ते ऐकलं, आत गेले आणि घासायचं खुरपं आणून त्याच्या हातात दिलं.

"कुठंबी खरवड," मी म्हटलं. "तुला पाहिजे तिथं."

तो खुरपं हातात घेऊन गाडीभोवती एक फेरा फिरला. एका जागी वाकला, दुसऱ्या जागी वाकला. मग कुठेही न खरवडता सरळ होऊन त्यानं खुरपं ओटीवर ठेवलं आणि मालकांशी बोलायला लागला. मी धुण्याकडे परत गेले. गाडी गेली तेव्हा मी वाळत घालत होते, आणि वळणापर्यंत तिचा आवाज ऐकू आला.